संस्थेसाठी तात्पुरते आयपीव्ही६ प्रीफिक्स: कसे तयार करायचे आणि कसे काढून घ्यायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेचं मुख्य कार्यालय आणि काही शाखा आयपीव्ही६वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या १२८ बिटच्या पद्धतीवर, न्यायच्या आहेत. स्वतःचे कायमचे पत्ते मिळायला अजून काही महिने आहेत. तोवर चाचणीसाठी लॅब उभी करायची आहे, दोन-तीन शाखा टनेलने जोडून पाहायच्या आहेत. त्यासाठी तात्पुरते प्रीफिक्स (संस्थेच्या सगळ्या पत्त्यांचा सुरुवातीचा सामाईक भाग) कसे बनवायचे, किती लांबीचे घ्यायचे, आणि सध्यापुरता कुठलाही आकडा टाकला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण नुकसान तिथूनच सुरू होतं: नाही, चालणार नाही. प्रीफिक्स बनवायला दोन मिनिटं लागतात. तो काढायला मात्र महिने लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी तो निघतच नाही. फायरवॉलच्या नियमांत, देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये, कुणाच्या तरी स्क्रिप्टमध्ये तो जाऊन बसतो. म्हणून माझा आग्रह असा की, निवडताना तो कायम राहणार आहे असं धरून निवडा, म्हणजे दुसऱ्या कुणाशी टक्कर होणार नाही असा. आणि बसवताना तो ठरलेल्या तारखेला जाणार आहे असं धरून बसवा. खालचं सगळं उत्तर या दोन गोष्टींसाठी आहे.

या कामासाठी योग्य जागा म्हणजे युनिक लोकल ॲड्रेस, म्हणजेच यूएलए. ऑक्टोबर २००५च्या आरएफसी ४१९३ने ही जागा ठरवून दिली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). कुणाकडे अर्ज करायचा नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत, प्रीफिक्स स्वतःच तयार करायचा. रचना साधी आहे. पहिले ८ बिट ठरलेले, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाने लिहिताना, ते 'एफडी' असे दिसतात. पुढचे ४० बिट रँडम, ही तुमच्या संस्थेची ओळख. झाले ४८, म्हणून असा प्रीफिक्स '/४८' असा लिहितात. त्यानंतरचे १६ बिट सबनेटसाठी (संस्थेच्या आतल्या छोट्या नेटवर्कांसाठी), म्हणजे ६५,५३६ सबनेट. उरलेले ६४ बिट त्या त्या यंत्राचे. हे पत्ते जागतिक इंटरनेटवर राउट होत नाहीत. संस्थेच्या आत, शाखाशाखांमध्ये आणि व्हीपीएनवर मात्र ते नेहमीच्या पत्त्यांसारखेच चालतात.

प्रत्यक्ष बनवून पाहू. लिनक्सवर ओपनएसएसएलच्या रँड कमांडकडे हेक्स स्वरूपात ५ बाइट मागा. दहा हेक्स अंक मिळतील. समजा आले ३९४१७२८०५६. पहिले दोन अंक 'एफडी'ला चिकटवायचे, मग चार, मग चार: एफडी३९:४१७२:८०५६::/४८. झाला तुमचा प्रीफिक्स. वाचायला सोपं जावं म्हणून मी उदाहरणात सगळे अंकच घेतले आहेत. तुमच्या उत्तरात ए ते एफ ही अक्षरंही येतील, आणि राउटरवर ती अर्थात रोमन लिपीतच टाकायची. हे उदाहरण मात्र उचलू नका. चार जणांनी ते उचललं की तो प्रीफिक्स रँडम राहिला नाही.

आरएफसीमध्ये एक नमुना पद्धतही दिली आहे: एनटीपी (घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल) स्वरूपातली ६४ बिटची वेळ आणि यंत्राचा ईयूआय-६४ हा हार्डवेअर क्रमांक जोडायचा, त्याचा शा-१ हा हॅश काढायचा आणि शेवटचे ४० बिट घ्यायचे. ती सक्तीची नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या रँडम स्रोतातून घेतलेले ४० बिट तितकेच चांगले. सक्ती आहे ती आकडा खरोखर रँडम असण्याची. त्यामुळे कमांड एकदाच चालवा आणि जे येईल ते स्वीकारा. लक्षात राहण्याजोगा आकडा येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवत बसलात तर तुम्ही नकळत त्याच थोड्याशा 'छान' आकड्यांकडे सरकता, जिकडे बाकीचेही सरकलेले असतात.

हा हट्ट कशासाठी, ते आकड्यांतच दिसतं. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी पर्याय. उद्या अशा १,००० स्वतंत्र संस्थांची नेटवर्कं एकमेकांना जोडली, तरी त्यांतल्या कुठल्याही दोघांचा प्रीफिक्स सारखा निघण्याची शक्यता साधारण २२ लाखांत एक. याउलट सगळे शून्य टाकून बनवलेला एफडी००::/४८ घेतलात, तर पहिल्याच विलीनीकरणात किंवा भागीदार संस्थेशी व्हीपीएन जोडताना समोरही तोच असण्याची दाट शक्यता आहे. जुन्या आयपीव्ही४मध्ये सगळीकडे सापडणाऱ्या १९२.१६८.१.० या नेटवर्कचा जो त्रास आपण वर्षानुवर्षं काढला, तो स्वतःच्या हाताने आयपीव्ही६मध्ये आणायचं काही कारण नाही.

मोहात पाडणारे आणखी चार पर्याय आहेत आणि चारही टाळायचे. पहिला, २००१:डीबी८::/३२. हा फक्त दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखलेला आहे, पुष्कळ राउटर आणि फिल्टर तो सरळ टाकून देतात. २०२४मध्ये याच कामासाठी ३एफएफएफ::/२० हाही राखला गेला. हे दोन्ही तुमच्या नोंदवहीच्या नमुना पानावर शोभतात, केबलवर नाही. दुसरा, जुना साइट-लोकल, एफईसी०::/१०. पुस्तकांत तो अजून भेटतो, पण २००४मध्येच आरएफसी ३८७९ने तो बाद केला. बाद करण्याचं कारण हेच होतं की सगळ्यांकडे तोच असायचा आणि तो नक्की कोणत्या साइटचा हे कळायला मार्ग नसायचा. तिसरा, 'एफसी'ने सुरू होणारा अर्धा भाग. तो भविष्यासाठी ठेवलेला आहे, त्याची वाटपाची पद्धत ठरलेली नाही. यूएलए घ्यायचा तो 'एफडी'वालाच.

चौथा पर्याय सर्वांत घातक: जागतिक जागेतला, सध्या कुणी वापरत नाही असं वाटणारा एखादा तुकडा. आयपीव्ही४मधल्या १.१.१.१चा इतिहास इथे आठवावा. १.०.०.०/८ हा आख्खा ब्लॉक २०१०पर्यंत वाटलाच गेला नव्हता, म्हणून जगभर कित्येकांनी १.१.१.१ हा पत्ता लॉगिन पानांसाठी आणि चाचण्यांसाठी बिनदिक्कत वापरला. मग एप्रिल २०१८मध्ये क्लाउडफ्लेअर ही कंपनी आणि एपनिक ही आशिया-पॅसिफिकमधली पत्ते वाटणारी संस्था यांनी त्याच पत्त्यावर सार्वजनिक डीएनएस सेवा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, सुरू केली, आणि कितीतरी नेटवर्कांमधून ती पोहोचेचना, कारण आतलीच एखादी पेटी तो पत्ता आपला म्हणून बसली होती. रिकामी दिसणारी जागा कुणाची तरी असते किंवा होणार असते.

आता किती प्रीफिक्स घ्यायचे. संस्थेसाठी एक /४८ पुरेसा आहे, पण लॅबसाठी मी नेहमी दुसरा, वेगळा /४८ बनवतो. रँडम आकड्याला खर्च नाही, मग काटकसर कशाला? लॅबचा प्रीफिक्स वेगळा असला की चालू नेटवर्कमध्ये तो जिथे दिसेल तिथे चूक आहे हे एका नजरेत कळतं. फायरवॉलवर एका ओळीत तो अडवता येतो आणि लॅब मोडताना नेमकं काय काढायचं यावर वाद होत नाही.

मुख्य /४८मधून प्रत्येक शाखेला एक /५६ द्या. २५६ शाखा, प्रत्येकीला २५६ सबनेट. पत्त्याचा चौथा गट मग आपोआप वाचता येतो: पहिले दोन अंक शाखेचे, शेवटचे दोन सबनेटचे. शाखा ०३मधलं सबनेट १० म्हणजे एफडी३९:४१७२:८०५६:०३१०::/६४. या मांडणीत एक फायदा आहे, तो पुढे कायमचे पत्ते येतात तेव्हा समजतो. संस्थेला स्वतःचा /४८ मिळाला तर पहिले तीन गट बदलतात आणि चौथा गट जसाच्या तसा राहतो. आणि एखाद्या शाखेला तिथल्या आयएसपीकडून फक्त /५६ मिळाला, तरी शेवटचे दोन अंक टिकतात: वायफाय १० होतं, ते १०च राहतं. म्हणून सबनेटचा अर्थ नेहमी शेवटच्या दोन अंकांत बसवा. कुणी तो पहिल्या दोनांत बसवला असेल, तर /५६ आल्यावर सगळी मांडणी नव्याने करावी लागते.

प्रत्येक लॅनला /६४ द्या. यावर चर्चा नको. आपोआप पत्ता घेण्याची पद्धत, म्हणजे स्लॅक, ६४ बिटच्या इंटरफेस क्रमांकावर उभी आहे. /८० किंवा /११२ करून 'वाचवलेले' पत्ते कुणाच्याही कामाचे नसतात. दोन राउटरांमधल्या थेट जोडणीला /१२७ चालतो, तिथे तो चांगलाच.

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं तिकडे येतो: मुदत. आयपीव्ही६मध्ये 'तात्पुरता' हा शब्द प्रोटोकॉलमध्येच बसवलेला आहे, आणि तरी पुष्कळ जण तो वापरत नाहीत. राउटर आपल्या जाहिरातीत, म्हणजे आरएमध्ये, प्रीफिक्ससोबत दोन मुदती पाठवतो. प्रेफर्ड लाइफटाइम चालू असेपर्यंत यंत्र त्या पत्त्यावरून नवीन जोडण्या सुरू करतं. ती संपली की पत्ता डेप्रिकेटेड होतो: चालू जोडण्या तुटत नाहीत, पण नव्या जोडण्यांसाठी दुसरा पत्ता असेल तर यंत्र तो घेतं. व्हॅलिड लाइफटाइम संपली की पत्ता यंत्रावरून निघून जातो. आरएफसी ४८६१मधली मूळ मूल्यं आहेत प्रेफर्ड ७ दिवस आणि व्हॅलिड ३० दिवस. तुम्ही काहीच बदललं नाहीत, तर तुमचा तात्पुरता प्रीफिक्स प्रत्येक यंत्रावर महिनाभराची मुदत घेऊन बसतो.

तात्पुरत्या प्रीफिक्ससाठी मी प्रेफर्ड ४५ मिनिटं आणि व्हॅलिड ९० मिनिटं ठेवतो. आरए दर काही मिनिटांनी जात असल्यामुळे चालू यंत्रांच्या मुदती सतत पुढे ढकलल्या जातात, वापरणाऱ्याला काही जाणवत नाही. डीएचसीपीव्ही६ (सर्व्हरकडून पत्ते वाटण्याची पद्धत) वापरत असाल तर तिथल्या लीजच्या मुदतीही त्याच मापाच्या करा. एक बाजू विसरली की तीच नेमकी मागे राहते.

इथली एक खोच माहीत असायलाच हवी. समजा आधीच ३० दिवसांची मुदत गेलेली आहे आणि आता तुम्ही व्हॅलिड लाइफटाइम शून्य करून पाठवलीत. यंत्र ती शून्य मानणार नाही. आरएफसी ४८६२नुसार, अधिकृततेची खात्री नसलेल्या आरएमुळे उरलेली मुदत दोन तासांच्या खाली आणता येत नाही. कुणी खोटी आरए पाठवून सगळ्यांचे पत्ते एका फटक्यात उडवू नयेत म्हणून ही काळजी घेतली आहे. प्रेफर्ड लाइफटाइमला मात्र हे बंधन नाही, ती शून्य केली की लगेच लागू होते. म्हणून काढून घेण्याचं खरं हत्यार प्रेफर्ड शून्य हे आहे.

आणि म्हणूनच राउटरवरून प्रीफिक्सची ओळ सरळ पुसून टाकू नका. ओळ पुसली की राउटर त्या प्रीफिक्सबद्दल गप्प होतो, आणि यंत्रांना आधीची मुदत तशीच खरी वाटत राहते. राउटिंग गेलेलं, पत्ता मात्र जिवंत, आणि 'कधी चालतं, कधी अडकतं' अशा तक्रारी सुरू. ओळ ठेवा, प्रेफर्ड शून्य करा, काही दिवस तशीच जाहिरात चालू द्या म्हणजे झाकून ठेवलेले लॅपटॉपही परत येऊन ती ऐकतील. मग ओळ काढा.

चाचणीत फसवणारी दुसरी गोष्ट म्हणजे पत्त्यांचा पसंतीक्रम. आरएफसी ६७२४च्या तक्त्यात आयपीव्ही४ला ३५ गुण आहेत आणि यूएलएला ३. म्हणजे एखाद्या सर्व्हरच्या नावाला आयपीव्ही४ आणि यूएलए दोन्ही नोंदी असतील, तर हा तक्ता पाळणारं यंत्र आयपीव्ही४ने जातं. सगळं सुरळीत चालतं, पडद्यावर हिरवे दिवे दिसतात, आणि आयपीव्ही६वरून एकही पॅकेट गेलेलं नसतं. सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम हा तक्ता सारखाच पाळत नाहीत, त्यामुळे एका यंत्रावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला लागू होईल असं धरू नका. चाचणीसाठी वेगळं नाव ठेवा, त्याला फक्त आयपीव्ही६ची नोंद द्या, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये येणारा पत्ता 'एफडी'चाच आहे ना हे डोळ्यांनी पाहा.

सीमेवरच्या राउटरवर दोन कामं आहेत. 'एफसी' आणि 'एफडी' मिळून बनणारा संपूर्ण एफसी००::/७ आत येताना आणि बाहेर जाताना, दोन्हीकडे अडवा. आणि तुमच्या आख्ख्या /४८साठी एक रिजेक्ट रूट घाला. नाहीतर न वापरलेल्या सबनेटकडे निघालेलं पॅकेट डीफॉल्ट रूट धरून आयएसपीकडे जातं, तिथून टाकलं जातं, आणि वापरणारा वेळ संपेपर्यंत ताटकळतो. रिजेक्ट रूट असला तर त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळतं. डीएनएसचंही तसंच: यूएलएच्या नोंदी आतल्या डीएनएसमध्येच राहू द्या, आणि उलट्या शोधाचा (पत्त्यावरून नाव सांगणारा) झोनही आतच चालवा.

या काळात यंत्रांना आयपीव्ही६वरून बाहेर इंटरनेटही हवं असेल, तर यूएलएवर पत्ताबदल लावून ते भागवू नका. आयएसपीचा जागतिक प्रीफिक्स सोबत जाहीर करा. एका यंत्रावर दोन-तीन पत्ते असणं आयपीव्ही६मध्ये नेहमीचंच आहे: आतल्या कामाला यूएलए, बाहेरच्या कामाला जागतिक. प्रीफिक्सला प्रीफिक्स लावणारी एनपीटीव्ही६ ही पद्धत २०११च्या आरएफसी ६२९६मध्ये आहे, पण तिचा दर्जा प्रायोगिक आहे आणि तात्पुरत्या व्यवस्थेत मी ती घालणार नाही. ती काढणं हे आणखी एक काम होऊन बसतं. ठरावीक मुदतीसाठी खरोखर जागतिक पत्तेच लागणार असतील, उदाहरणार्थ परिषद किंवा संशोधनासाठी, तर राईप एनसीसीसारख्या नोंदणी संस्थांकडे तात्पुरत्या वाटपाची सोय असते. तुमच्या प्रदेशातल्या संस्थेचे नियम पाहून मगच त्या वाटेला जा.

लॅबमध्ये आयपीव्ही४ही लागेलच. तिथे ४० बिटची चैन नाही, पण तत्त्व तेच. १०.०.०.०/८मध्ये २५६ /१६ आहेत, त्यांतला एक चिठ्ठी टाकून निवडा. १०.०, १०.१ आणि १०.१० सोडून द्या, कारण तिथे आधीच गर्दी असते. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ घरोघरच्या राउटरांवर असतात, व्हीपीएनवरून काम करणाऱ्यांची तिथे पंचाईत होते. १७२.१७ डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःसाठी घेतो. १००.६४.०.०/१० हा मोठ्या आयएसपींच्या नॅटसाठी, म्हणजे पत्ताबदलासाठी, आहे, रिकामा वाटला तरी तुमचा नाही. फक्त उपकरणांच्या वेगाची चाचणी करायची असेल तर १९८.१८.०.०/१५ त्यासाठीच राखलेला आहे.

आता नोंद. प्रीफिक्स राउटरवर टाकण्याआधी एका ठिकाणी लिहा: कोणता, कशासाठी, कुणी बनवला, कधी बनवला, आणि कोणत्या तारखेला निघणार. शेवटचा रकाना रिकामा असेल तर प्रीफिक्स लावू नका. तारीख पुढे ढकलता येते, पण ती ढकलणाऱ्याने तिथे आपलं नाव लिहायचं. हे जमतं याचा मोठा पुरावा इंटरनेटच्या इतिहासातच आहे. आयपीव्ही६चं ६बोन हे चाचणी नेटवर्क ३एफएफई::/१६ या तात्पुरत्या प्रीफिक्सवर चालत होतं. मार्च २००४च्या आरएफसी ३७०१ने जाहीर केलं की ६ जून २००६ला हा प्रीफिक्स परत जाईल. दोन वर्षांहून जास्त मुदत दिली, सगळ्यांना तारीख ठाऊक होती, आणि तो परत गेला. जगभर पसरलेल्या नेटवर्कला जे जमलं, ते एका संस्थेला जमायला हरकत नाही.

राउटर आणि सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रीफिक्स एकाच ठिकाणी व्हेरिएबल म्हणून ठेवा, बाकी सगळीकडे त्याचा संदर्भ द्या. पत्त्यांऐवजी नावं वापरा. तरीही काही ठिकाणी आकडे उघडे राहतातच: डेटाबेसची परवानगी यादी, प्रमाणपत्रं, बॅकअपची स्क्रिप्ट, प्रिंटरची सेटिंग. शेवटी ते शोधावे लागतात, आणि तिथे एक साधी गोष्ट घात करते. मी वर ०३१० लिहिलं, पण आरएफसी ५९५२च्या प्रमाण लेखनात सुरुवातीचा शून्य गळतो आणि उपकरण तेच ३१० असं दाखवतं. ०३१० शोधणाऱ्याला ते सापडत नाही. म्हणून शोध नेहमी पहिल्या तीन गटांवर घ्या, आणि त्यांतल्या एखाद्या गटाची सुरुवात शून्याने होत असेल तर दोन्ही रूपं शोधा.

कायमचा प्रीफिक्स हाती आला की क्रम असा ठेवा. आधी नवा प्रीफिक्स जुन्याच्या शेजारी सगळीकडे चालू करा आणि फायरवॉलचे नियम दोन्हींसाठी लावा. डीएनएसचे टीटीएल (नोंद किती वेळ साठवून ठेवायची ती मुदत) काही दिवस आधीच कमी केलेले असू द्या, मग नोंदी नव्याकडे वळवा. त्यानंतर जुन्याची प्रेफर्ड शून्य करा आणि थांबा. एका रात्रीत सगळं बदलायची गरज नाही, २००५च्या आरएफसी ४१९२मध्ये हीच टप्प्याटप्प्याची वाट सविस्तर दिली आहे, ती वाचाच. थांबण्याच्या काळात फायरवॉलवर जुन्या प्रीफिक्ससाठी फक्त मोजणारा आणि नोंदवणारा नियम ठेवा. पहिल्या दिवशी त्यात शेकडो ओळी येतील, आठवड्याने मोजकी यंत्रं उरतील, आणि ती बहुधा अशी असतील ज्यांच्यावर कुणीतरी हाताने पत्ता टाकला होता: कॅमेरा, प्रिंटर, एखादा जुना सर्व्हर. प्रत्येकाकडे जाऊन ती दुरुस्त करा. मोजणी पूर्ण आठवडाभर शून्य राहिली की राउटरवरची ओळ काढा, रिजेक्ट रूट मात्र आणखी काही दिवस राहू द्या, आणि नोंदवहीत त्या प्रीफिक्ससमोर 'काढला' असं तारखेसह लिहा. तो पुन्हा वापरू नका. पुढच्या वेळी लागेल तेव्हा नवे ५ बाइट घ्या.